माघारीतील धैर्य : प्लेटोच्या ‘लाखेस’ संवादाविषयी

ग्रीक नीतिविचारात ज्या चार सद्गुणांना आधारस्तंभांचे स्थान मिळाले, त्यांची नावे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चतुष्टय आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले आहे. आपल्या बायबलमधील ‘ज्ञान’ हा ग्रंथ मुळात ग्रीक भाषेतच लिहिला गेला आणि त्याच्या ८ व्या अध्यायात हेच चार गुण एकत्र येतात. पुढे संत अँब्रोज आणि संत ऑगस्टीन यांच्या लेखणीतून ते ख्रिस्ती नीतिशास्त्रात स्थिरावले. परंतु पाठ केलेल्या गोष्टींचे एक दुर्दैव असते. त्या आपल्याला समजल्या आहेत, असे आपण धरून चालतो. न्याय म्हणजे काय, यावर माणसे वाद घालतात. धैर्य म्हणजे काय, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे असा सर्वांचा समज असतो. प्लेटोने आपल्या ‘लाखेस’ या छोटेखानी संवादात नेमक्या याच समजाला हात घातला. दोन अनुभवी सेनापती धैर्याची व्याख्या करू पाहतात आणि संवादाच्या अखेरीस दोघेही रिकाम्या हातांनी घरी परततात. म्हणून अनेक वाचक या कृतीला प्लेटोची प्राथमिक, अपुरी कृती मानून पुढे जातात. आमचे मत तसे नाही. ‘लाखेस’ हा संवाद युक्तिवाद म्हणून अपुरा राहतो, पण साहित्यकृती म्हणून तो पूर्ण आहे. युक्तिवादाला जे सांगता आले नाही ते त्यातील माणसे सांगून जातात, असे आम्हांला वाटते.

संवादाचा प्रसंग मोठा घरगुती आहे. लिसिमाखस आणि मेलेसियास या दोन वृद्ध गृहस्थांना आपल्या मुलांच्या शिक्षणाची काळजी लागलेली आहे. लिसिमाखस हा ‘न्यायी’ म्हणून ग्रीसभर ख्याती पावलेल्या अॅरिस्टायडीजचा पुत्र, तर मेलेसियासचा बाप थुसिडिडीस (इतिहासकार नव्हे) हा पेरिक्लिसचा मातब्बर राजकीय प्रतिस्पर्धी. थोर बापांच्या पोटी जन्मलेले हे दोघे स्वतः मात्र सामान्यच राहिले. मुलांसमवेत जेवायला बसल्यावर आजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगता येतात, पण स्वतःविषयी सांगण्याजोगे काहीच नाही, याची त्यांना लाज वाटते. आमचे बाप लोकांच्या कामात गुंतले आणि त्यांनी आम्हांला मोकाट सोडले, अशी त्यांची तक्रार आहे. दोघांनी आपल्या मुलांना आजोबांचीच नावे ठेवली आहेत. नाव दिले, आता नावासारखे गुण कुठून आणायचे? ज्या घरांत आजही थोरला नातू आजोबांचे नाव चालवतो, त्या घरांना हा प्रश्न परका वाटू नये. धैर्याची चर्चा येथे रणांगणावर किंवा विद्यापीठात सुरू होत नाही. ती सुरू होते आईबापांच्या चिंतेतून.

त्या काळी चिलखत घालून शस्त्रांचे खेळ शिकवणारे शिक्षक अथेन्समध्ये येत असत. स्टेसिलाऊस नावाच्या अशाच एका शिक्षकाचे प्रात्यक्षिक पाहून हे दोघे निकियास आणि लाखेस या सेनापतींचा सल्ला मागतात. निकियास म्हणतो, शिकवा, विद्या चांगली आहे. लाखेस नाक मुरडतो. या स्टेसिलाऊसला त्याने खऱ्या लढाईत पाहिलेले असते. भाल्याला कोयता जोडून बनवलेले आपले अपूर्व शस्त्र घेऊन तो एका जहाजावर लढत होता. ते शस्त्र शेजारच्या जहाजाच्या दोरखंडांत अडकले, जहाजे एकमेकांना घासून जाऊ लागली आणि हा पठ्ठ्या भाल्याचा दांडा हातात धरून डेकवरून धावत सुटला. अखेर त्याला शस्त्र सोडून द्यावे लागले, आणि दोन्ही जहाजांवरच्या लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. प्लेटोने ही गंमत केवळ रंजनासाठी घातलेली नाही. हत्यार चालवण्याचे कसब आणि धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने या एका विनोदी चित्रातून वाद सुरू होण्यापूर्वीच वाचकाच्या मनात रुजवले आहे.

मग सॉक्रेटिस चर्चेत येतो आणि विचारतो की, धैर्य म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर ते मुलांना कसे द्यावे, हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? लाखेसला हा प्रश्न सोपा वाटतो. जो रांगेतील आपली जागा न सोडता शत्रूला तोंड देतो आणि पळ काढत नाही, तो धैर्यवान, असे तो एका दमात सांगून टाकतो. सॉक्रेटिस त्याला सिथियन घोडेस्वारांची आठवण करून देतो. ते माघार घेता घेताच लढतात. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटीआच्या लढाईत स्पार्टाचे सैनिक मागे हटले आणि पर्शियनांची फळी विस्कळीत होताच उलट फिरून जिंकले. शिवाय धैर्य काय केवळ युद्धातच असते? समुद्रावरच्या संकटात, आजारपणात, दारिद्र्यात, सार्वजनिक जीवनात, इतकेच नव्हे तर मोहाच्या आणि सुखाच्या समोरही माणसे धैर्याने उभी राहतात. सॉक्रेटिसने धैर्याला छावणीतून बाहेर काढून आजाऱ्याच्या खाटेपाशी आणि गरिबाच्या झोपडीत नेले, हे ग्रीक नीतिविचारातील एक मोठे पाऊल आहे.

येथे प्लेटोच्या कलेकडे वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत बिओशियन सैन्याने अथेन्सचा पराभव केला. सेनापती हिप्पोक्रेटीससह जवळजवळ एक हजार अथेनियन पायदळ कामी आले आणि उरलेल्यांची दाणादाण उडाली. त्या माघारीत लाखेस आणि सॉक्रेटिस बरोबर होते. इतर सगळे सॉक्रेटिससारखे वागले असते तर नगरीवर ती नामुष्की ओढवली नसती, अशी ग्वाही लाखेस याच संवादाच्या आरंभी देतो. ‘सिम्पोझियम’ या दुसऱ्या संवादात घोड्यावरून तेथे पोचलेला अल्किबायडीज तेच दृश्य वर्णितो. सॉक्रेटिस शांतपणे, मित्र आणि शत्रू दोघांवरही नजर ठेवत चालला होता आणि त्याच्या चालण्यावरूनच दुरून पाहणाऱ्याला कळत होते की याला हात लावणे सोपे नाही. सोबतच्या लाखेसपेक्षा तो कितीतरी अधिक सावध होता. आता विसंगती पाहा. लाखेसने आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे धैर्य हे माघार घेणाऱ्या माणसाचे होते. त्याला मात्र व्याख्या सुचते ती माघार न घेण्याची! डोळ्यांना जे दिसले ते बुद्धीपर्यंत पोचलेलेच नाही. आपल्यापैकी कितीजणांनी एखाद्या विधवा मावशीचे किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे धैर्य वर्षानुवर्षे जवळून पाहिले असेल! पण धैर्यावर निबंध लिहायला बसलो की लेखणीतून तलवारीच बाहेर पडतात.

लाखेस दुसरा प्रयत्न करतो. धैर्य म्हणजे आत्म्याची सहनशक्ती, टिकून राहण्याची ताकद. मराठी वाचकाला ही व्याख्या लगेच पटेल, कारण आपली भाषा तिच्या बाजूने उभी आहे. ‘धैर्य’ हा शब्द ‘धीर’ या शब्दापासून आला. आणि धीर आपण धरतो, दुसऱ्याला देतो, तो सुटू नये म्हणून जपतो. शौर्य गाजवायचे असते, धीर धरायचा असतो. परंतु सॉक्रेटिस येथेही अडवतो. मूर्खपणाने टिकून राहणे हा सद्गुण कसा म्हणायचा? लाखेस कबूल करतो की टिकून राहणे सुज्ञतेचे हवे. मग प्रश्न येतो की, मदत येणार आहे आणि आपली जागा सोयीची आहे हे हिशेबाने ओळखून उभा राहणारा सैनिक धैर्यवान, की हा कोणताच आधार नसताना समोरच्या छावणीत उभा राहणारा? कसब नसताना विहिरीत उडी घेणारा अधिक धैर्यवान, की पट्टीचा पोहणारा? लाखेसचे मन दुसऱ्याच्या, म्हणजे कमी शहाण्याच्या, बाजूने झुकते आणि तो स्वतःच्याच शब्दांत अडकतो. हा पेच खरा आहे. ज्ञान वाढले की धोका कमी होतो आणि धोका कमी झाला की धैर्याचे मोलही उतरल्यासारखे वाटते.

आता निकियास पुढे येतो. हा सुशिक्षित, विचारवंतांच्या बैठकीत वावरलेला माणूस. त्याच्या मते कशाची भीती बाळगावी आणि कशाची आशा धरावी, याचे ज्ञान म्हणजे धैर्य. सिंह किंवा रानडुक्कर निर्भय असेल, धैर्यवान नव्हे, कारण त्याला हे ज्ञान नाही. वैद्यालाही ते नसते. रोगी जगेल की मरेल हे वैद्य सांगू शकेल, पण या रोग्याने जगणे चांगले की मरणे, हे त्याच्या शास्त्राबाहेरचे आहे. हा विचार खोल आहे आणि तो निकियासच्या तोंडी घालून प्लेटोने उपरोधाची कमाल केली आहे. चर्चेच्या ओघात सॉक्रेटिस सांगतो की कायद्याने सेनापतीला शकुन पाहणाऱ्यावर अधिकार दिला आहे, शकुन पाहणाऱ्याला सेनापतीवर नव्हे. हे वाक्य वाचताना अथेन्सच्या वाचकाच्या अंगावर काटा आला असेल. इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूजपुढे अथेन्सचे सैन्य परतीच्या तयारीत असताना चंद्रग्रहण झाले आणि शकुन सांगणाऱ्यांच्या शब्दाखातर याच निकियासने त्रिवार नऊ दिवस थांबण्याचा निर्णय घेतला. तेवढ्यात परतीची वाट बंद झाली. सैन्याचा नाश झाला, निकियासला ठार करण्यात आले आणि हजारो कैदी दगडांच्या खाणींत कोंडले गेले. ज्ञानाची व्याख्या ज्याच्या जिभेवर होती, त्याला ऐन वेळी आपण कशाला भ्यावे हेच कळले नाही.

वादाच्या पातळीवर निकियासची व्याख्या वेगळ्याच कारणाने कोसळते. भावी बऱ्यावाईटाचे ज्ञान हे अखेर सर्वच काळच्या बऱ्यावाईटाचे ज्ञान ठरते. मग तो सद्गुणाचा एक भाग न राहता संपूर्ण सद्गुणच होतो, आणि आरंभी तर धैर्य हा एक भाग असे ठरले होते. हा अखेरचा युक्तिवाद आम्हांला घाईचा वाटतो. त्याहून मोठे वैगुण्य असे की, निकियास बोलू लागताच लाखेसची सहनशक्ती चर्चेतून गुपचूप बाहेर पडते ती पुन्हा परतच येत नाही. योग्य काय ते कळते, तरीही पाय मागे सरतात, हा प्रत्येकाच्या अनुभवाचा भाग आहे; त्याची दखल कोणी घेत नाही. संवादात एकाकडे धीर आहे, पण कशासाठी ते सांगता येत नाही. दुसऱ्याकडे ज्ञानाचे शब्द आहेत, पण धीर नाही. या दोन अर्ध्यांचा सांधा एकाच ठिकाणी जुळलेला दिसतो. तो म्हणजे प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस. इ.स.पू. ३९९ मध्ये प्राणदंडाच्या खटल्यात तो न्यायाधीशांना जे सांगतो, ते ‘अपॉलॉजी’त आले आहे. सेनापतींनी नेमून दिलेल्या जागी मी डेलियमला आणि इतरत्र उभा राहिलो. मग देवाने नेमून दिलेली जागा मरणाच्या भीतीने मी कशी सोडू, असा त्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे लाखेसची खोडून काढलेली पहिली व्याख्या सॉक्रेटिसने स्वतःच्या मरणाच्या दारात पुन्हा जवळ केली. बदल एवढाच की, जागा सोडू नये हे खरे, पण ती जागा कोणी नेमली आणि कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे. धैर्याला स्वतःचे असे मोल नाही. ज्यासाठी ते धरले त्याचे मोल त्याला लाभते. ‘लाखेस’चे सार आम्हांला तरी येथे सापडते.

प्लेटोने पुढे ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात मुलांच्या शिक्षणाकडे वळून याला एक सुंदर उपमा दिली. रंगाऱ्याला लोकर जांभळी रंगवायची असते तेव्हा तो आधी पांढरी लोकर निवडतो, तिची नीट पूर्वतयारी करतो आणि मगच रंग चढवतो. असा रंग कितीही खार लावून धुतला तरी जात नाही. शिक्षणाने मुलाच्या मनावर योग्य-अयोग्याची समज अशीच चढवली पाहिजे, म्हणजे सुख, दुःख, भय आणि वासना यांच्या खाराने ती धुऊन निघणार नाही. येथे ज्ञान आणि टिकणे एकत्र आले. भयाच्या बरोबरीने सुखालाही त्याने खारांत गणले, नव्हे, सुखाला अधिक जहाल ठरवले, हे आजच्या पालकांनी विसरू नये.

अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखसच्या नीतिशास्त्रा’च्या तिसऱ्या भागात या विषयाची अधिक काटेकोर मांडणी केली. भेकडपणा आणि आंधळे धाडस यांच्या मधली वाट म्हणजे धैर्य, हे त्याचे सूत्र प्रसिद्ध आहे. आम्हांला त्याहून मोलाचे वाटते ते धैर्यासारख्या दिसणाऱ्या, पण धैर्य नसलेल्या पाच गोष्टींचे त्याने केलेले पृथक्करण. लोकलज्जेने किंवा मानासाठी उभे राहणे, धंदेवाईक सैनिकाचा सराव, रागाचा आवेश, आजवर जिंकत आलो म्हणून वाटणारा विश्वास आणि धोक्याचे अज्ञान. पगारी सैनिक धोका हाताबाहेर जाताच सर्वांत आधी पळतात आणि नागरिक मात्र जागीच मरतात, असे तो नमूद करतो. खरा धैर्यवान उभा राहतो तो केवळ ते कृत्य शोभन आहे म्हणून. आपण ज्याला मुलांचे धैर्य समजून टाळ्या वाजवतो, त्यातले किती या पाच नकलांत जमा होईल, याचा विचार केलेला बरा.

तथापि अॅरिस्टॉटलचे चित्र एका जागी आखडते. सॉक्रेटिसने आजारपण आणि दारिद्र्य यांपर्यंत नेलेले धैर्य तो पुन्हा मुख्यतः रणांगणावर आणतो, कारण त्याच्या दृष्टीने युद्धातील मरण हेच सर्वांत शोभन. यामागे भाषेचेही ओझे आहे. धैर्यासाठी असलेला ‘आंद्रेईआ’ हा ग्रीक शब्द ‘पुरुष’ या शब्दापासून बनला आहे. स्त्रीचे धैर्य वेगळे, ते आज्ञापालनाचे, असे अॅरिस्टॉटलने अन्यत्र लिहिले आहे. ही मर्यादा किती खोल होती, हे मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात दिसते. डोळ्यांदेखत सात मुलांचा छळ पाहणारी आणि त्यांना मातृभाषेत धीर देणारी ती आई ७ व्या अध्यायात भेटते. तिचे वर्णन करताना ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या त्या पवित्र लेखकालाही म्हणावे लागले की तिने आपल्या स्त्रीसुलभ विचाराला पुरुषी आवेशाची जोड दिली. आईचे धैर्य समोर उभे आहे, त्याला नाव मात्र उसने घ्यावे लागते! पुढे इ.स. २०३ मध्ये कार्थेजच्या आखाड्यात पर्पेतुआ आणि तुरुंगात नुकतीच बाळंत झालेली फेलिसिटास यांनी मरण स्वीकारले. मिस्सेच्या पहिल्या युखारिस्त प्रार्थनेत त्यांची नावे आजही घेतली जातात. शब्द पुरुषाचा राहिला तरी गुण पुरुषाचा राहिला नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलचे बोट धरूनच त्याची ही चौकट रुंदावली. चढाई करणे आणि टिकून राहणे या धैर्याच्या दोन कृतींपैकी टिकून राहणे ही मुख्य, असे ते सांगतात आणि त्याची कारणे देतात. चढाई करणारा स्वतःला बलवान समजतो, सोसणाऱ्यासमोर आपल्याहून बलवान उभा असतो. चढाई करणाऱ्याला संकट पुढे दिसते, सोसणाऱ्यावर ते येऊन पडलेले असते. चढाई क्षणाची, सोसणे दीर्घकाळाचे. संसर्गाने मरण येईल हे ठाऊक असूनही आजारी मित्राची शुश्रूषा न सोडणाऱ्याला ते धैर्यवानांत बसवतात. लाखेसच्या तोंडून निसटलेली सहनशक्ती अशी सोळा-सतरा शतकांनी सन्मानाने परत आली. आणि मूर्खपणाने सोसण्याला सद्गुण कसे म्हणावे, या सॉक्रेटिसच्या प्रश्नाचे उत्तर संत ऑगस्टीन यांनी आधीच देऊन ठेवले होते. रक्तसाक्षी घडतो तो यातनांमुळे नव्हे, ज्या कारणासाठी त्या सोसल्या त्या कारणामुळे, हे त्यांनी आपल्या काळातील वादांत वारंवार बजावले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण देणारे वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांचा गौरव आपण करतो तो त्यांनी मरण सोसले एवढ्यासाठीच नव्हे, तर कोणासाठी सोसले त्यासाठी.

याचा अर्थ ग्रीकांचे अपुरे होते आणि आपले सारे पुरे झाले, असा कोणी काढू नये. दृढीकरणाच्या वेळी पवित्र आत्म्याच्या सात दानांत आपण धैर्याचेही दान मागतो. ते मिळाल्यावर कशासाठी वापरायचे, हे मुलांना सांगायचे राहून जाते. परीक्षेत, स्पर्धेत, मुलाखतीत मागे हटू नकोस, असे आपण त्यांना बजावतो. हा लाखेसचाच उपदेश आहे. खोट्याच्या रांगेतून बाहेर पडायला, बहुमताविरुद्ध एकट्याने हात वर करायला, चुकीच्या वाटेवरून माघार घ्यायलाही धैर्य लागते, हे ऐकवणारा सॉक्रेटिस घरोघर नसतो.

‘लाखेस’च्या शेवटी म्हातारा लिसिमाखस सॉक्रेटिसला दुसऱ्या दिवशी पहाटेच घरी येण्याची गळ घालतो आणि देवाची इच्छा असेल तर येईन, असे सॉक्रेटिस कबूल करतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे प्लेटोने ‘थिएटीटस’ या संवादात एका ओळीत सांगून टाकले आहे. लिसिमाखसचा हा मुलगा अॅरिस्टायडीज सॉक्रेटिसच्या सहवासात आला, पण वेळेआधीच त्याला सोडून गेला आणि जे मिळवले होते ते गमावून बसला. आजोबांचे नाव, बापाची तळमळ आणि सॉक्रेटिससारखा गुरू, एवढे लाभूनही रंग पक्का चढला नाही. प्लेटोने हे झाकून ठेवले नाही, यातच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. लोकरीची पूर्वतयारी रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी घरातच व्हायची असते, आणि तेथे टिकून राहण्याची पाळी मुलांच्या आधी आईबापांची असते.